आडोसा

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच फोन गुणी असतात.
काचेमागे ओळीने मांडलेले,
प्रत्येकात तोच धबधबा, तोच हिरवा पोपट,
आणि खाली किंमत.

जोव्ना आला एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी.
बुटांना बर्फ, भुवयांना बर्फ.
म्हणाला, एल्ले, मला पोपट नको.
मला ठिपका दिसायला हवा.

ठिपका म्हणजे त्याची एका शिंगाची म्हातारी रेनडियर.
गळ्यात पट्टा, पट्ट्यात यंत्र;
ती चालते तिकडे कळप चालतो.
ती कुठे आहे ते फोन सांगतो,
फक्त उन्हात काय सांगतो ते कळत नाही.

मी त्याला आकडे वाचून दाखवले.
हा आठशे निट्स, हा दोन हजार,
दुप्पट किंमत, कंपनीची हमी.
निट्स, निट्स, असं त्याने दोनदा म्हणून पाहिलं,
वाळल्या मांसाचा वातड तुकडा चघळावा तसं,
आणि गिळलं नाही.
म्हणाला, चल बाहेर.

नमुन्याचे फोन दुकानाबाहेर न्यायचे नसतात.
मी दोन्ही खिशात घातले,
दाराला जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली
आणि स्नोमोबिलवर त्याच्या पाठीमागे बसले.

कौतोकेइनोच्या बाहेर, तळ्यावर,
ऊन नुसतं वरून येत नाही.
खालून येतं, बाजूंनी येतं,
हनुवटीखाली, नाकपुड्यांत शिरतं.
गोठलेलं तळं म्हणजे पालथा घातलेला सूर्य.

स्वस्त फोन तिथे दिवसाचा चंद्र झाला.
आहे म्हणून आहे.
महागड्यात रंग उरले होते,
पण भिजून वाळलेल्या पोस्टकार्डावरचे;
नदीची रेघ लागली, गावाचं नाव लागलं,
ठिपका काही लागेना.
जोव्ना गॉगल काढायला तयार नव्हता
(त्याच्या बापाचे डोळे बर्फाने खाल्ले होते)
आणि त्या गॉगलमधून पडदा
उभा धरला की काळाठिक्कर, आडवा धरला की जिवंत.
मान वाकडी करून तो बघत राहिला,
कोंबडी दाण्याकडे बघते तसा.

मग त्याने आतल्या खिशातून तिसरा काढला.
बटणांचा, वीस वर्षांचा, राखाडी पडद्याचा.
त्यावर ऊन पडलं
आणि अक्षरं आणखीच ठसठशीत झाली.
हा उन्हाशी भांडत नाही, जोव्ना म्हणाला,
त्याच्याकडूनच उसनं घेतो.
पण त्यात नकाशा नव्हता.
सहा नंबर होते, त्यातले दोन आता लागत नाहीत.

एवढ्यात महागडा गारठून गेला,
चाळीस टक्क्यांवरून थेट मेला.
दोन हजार निट्स, माझ्या हातमोज्यात, काळी पाटी.

जोव्नाने कोटाची बटणं सोडली,
कोट दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतला.
आत धूर, डिझेल, कालची कॉफी,
त्याचा श्वास, माझा श्वास,
आणि मधोमध तो आठशेवाला,
चुलीतल्या निखाऱ्यासारखा अचानक फुललेला.

ठिपका दिसला.
नदीच्या पलीकडे. जिथे बर्फ पातळ झालाय तिथे.
पहाटे चारपासून एकाच जागी.

वासरू असेल, मी म्हणाले.
लवकर आहे वासराला, तो म्हणाला.
मग आम्ही काही बोललो नाही,
पडदा आपोआप मंद होईपर्यंत, विझेपर्यंत,
आणि त्यानंतरही जरा वेळ
कोट तसाच राहिला.

बाहेर आलो तर एकमेकांचे चेहरे दिसेनात,
नुसते जांभळे डाग.
डोळे पुसत त्याने विचारलं, स्वस्तातल्याचे किती?
सांगितले.
हाच दे. कोट आहे माझ्याकडे.

बिल उद्या कर, असं म्हणून त्याने चावी फिरवली.
गाव उजवीकडे होतं.
आम्ही डावीकडे वळलो, नदीकडे,
मी मागे, फोन काखेत धरून,
ऊब जाऊ नये म्हणून.